जुनं ग्राफिक कार्ड घेताना नुसता जीबीचा आकडा बघू नका

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

पेपरातल्या छोट्या जाहिरातींत हल्ली जुन्या कॉम्प्युटरच्या जाहिराती भरपूर यायलेत आणि त्यात एक ओळ हमखास असते, "आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड", खाली मोबाईल नंबर. ग्राफिक कार्ड म्हणजे स्क्रीनवरचं चित्र, गेम, व्हिडिओ ह्यांचं काम करणारं वेगळं कार्ड, आणि हे ४ जीबी म्हणजे त्याच्यावरची स्वतःची मेमरी. पण कार्ड कुठलं, किती सालचं, मेमरी कुठल्या जातीची, काही नाही. वाचणारा माणूस ४ जीबी बघतो, २ जीबीवाल्यापेक्षा हे डबल चांगलं असं धरून चालतो आणि फोन लावतो. मी बेळगावच्या शहापुरात कॉम्प्युटर रिपेरीचं काम करतो, असले सेट घेऊन लोक माझ्या टेबलावर येतात, कधी खानापूरकडचा फोटो स्टुडिओवाला, कधी उद्यमबागेत ड्रॉइंगचं काम करणारी पोरं, कधी निपाणीकडनं लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, कधी कॉलेजच्या पोराला घेऊन आलेले वडील, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, पैसे तर गेले पण काम काही होईना. ह्यात चूक घेणाऱ्याची नाही, माहितीच कुणी देत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांब झालंय पण शक्य असेल तर सगळं छापा.

सगळ्यात जास्त घोळ आहे तो जीटी ७३० ह्या कार्डाचा. चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचं हे कार्ड २०१४ साली आलं आणि एकाच नावाखाली तीन वेगळी कार्डं बाजारात गेली. एकात फर्मी नावाची जुनी चिप, ९६ कोरची (कोर म्हणजे चिपमधले हिशोब करणारे बारीक भाग), मेमरी डीडीआर ३, म्हणजे हळू जातीची. दुसऱ्यात त्यानंतरची केपलर चिप, ३८४ कोर, पण मेमरी तीच डीडीआर ३ आणि तीसुद्धा ६४ बिटची (बिट म्हणजे डेटाच्या वाटेची रुंदी). तिसऱ्यात केपलरच, ३८४ कोरच, पण मेमरी जीडीडीआर ५, म्हणजे जलद जातीची. खोक्यावर तिन्हीवर मोठ्या अक्षरात जीटी ७३०. आता ६४ बिट डीडीआर ३ वाल्यात मेमरीपासून चिपपर्यंत सेकंदाला साधारण १४.४ जीबी डेटा जातो आणि जीडीडीआर ५ वाल्यात ४० जीबी, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आणि ४ जीबी म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक डीडीआर ३ वालंच असतंय कारण ती मेमरी स्वस्त पडते. टाकी केवढी पण मोठी बांधा, खाली पाईप अर्धा इंची असला तर नळाला धार तेवढीच येणार. २ जीबी जीडीडीआर ५ वालं ७३० हे ४ जीबी डीडीआर ३ वाल्याला गेममधे सरळ मागं टाकतं, पण दुकानात ४ जीबीवाल्याचा भाव जास्त सांगतात आणि लोक देतात पण.

हाच प्रकार पुढं जीटी १०३० मधे झाला. २०१७ ला जीडीडीआर ५ वालं आलं, सेकंदाला ४८ जीबी, लहान कार्ड म्हणून चांगलं होतं. दुसऱ्या वर्षी त्याच नावानं डीडीआर ४ वालं आणलं, त्यात हा आकडा १७ जीबीच्या आत. नाव तेच, किंमत जवळपास तीच. कंपनीनं हे असं करायला नको होतं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण इकडं गावात घेणारा माणूस नावावर विश्वास ठेवून घेतो, त्याच्याकडं तपासायला दुसरं काही नसतंय. जीटीएक्स १०६० चं पण तसंच, ६ जीबी आणि ३ जीबी अशी दोन कार्डं आली, लोकांना वाटलं फरक फक्त मेमरीचा, पण ३ जीबीवाल्यात कोर पण कमी आहेत, १२८० च्या जागी ११५२. आणि २०१४ चं जीटीएक्स ९७०, त्यावर ४ जीबी लिहिलेलं पण शेवटचा अर्धा जीबी एकदम स्लो, त्यावरनं अमेरिकेत कंपनीवर दावा झाला आणि २०१६ मधे तडजोड होऊन तिकडच्या गिऱ्हाइकांना कार्डामागं ३० डॉलर द्यायचं ठरलं. इकडं आपल्याला कोण देणार.

एएमडी, म्हणजे चिप बनवणारी दुसरी कंपनी, तिच्याकडं पण सगळं सरळ नाही. आरएक्स ५८० हे २०१७ चं दणकट कार्ड, त्यात २३०४ कोर. पण २०४८ एसपी नावाचं एक आरएक्स ५८० पण फिरतंय, ते २०१८ ला मूळ चीनच्या मार्केटसाठी काढलेलं आणि आतनं ते आरएक्स ५७० च आहे. वाईट कार्ड नाही, चालतंय चांगलं, पण ५७० ला ५८० चा भाव कशाला द्यायचा. आज ऑनलाईन स्वस्तात जी नवी कोरी म्हणून ५८० मिळतात त्यात बरीच ही २०४८ वालीच असतात, घेताना एवढा एक आकडा विचारून घ्या.

आता कुठलं कार्ड किती पळतं ते सांगतो, म्हणजे तुलना करायला बरं पडेल. जीटीएक्स ७५० टीआय २०१४ च्या फेब्रुवारीचं, ६४० कोर, ६० वॅट, वेगळी पॉवरची वायर लागत नाही. जीटीएक्स १०५० टीआय २०१६ च्या ऑक्टोबरचं, ७६८ कोर, ४ जीबी जीडीडीआर ५, ७५ वॅट, ह्याच्या पण बऱ्याच मॉडेलला वायर लागत नाही, गेममधे ७५० टीआयच्या दीडपटीच्या आसपास पळतं. १०६० चं ६ जीबीवालं त्याच्या अजून पावणेदोन पट, १२० वॅट, सहा पिनची वायर पाहिजेच. आरएक्स ५८० कामाला १०६० च्या बरोबरीचं पण वॅट १८५. म्हणजे तेवढंच काम करायला दीडपट करंट खातं आणि तेवढी जास्त गरमी कॅबिनेटमधे सोडतं. आकडे बघून पोरं म्हणतात ५८० ८ जीबीचं आहे तेच घेऊया काका, स्वस्त पण आहे. मी त्यांना आधी विचारतो घरात युपीएस कितीचा आहे आणि एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, कुठला आहे.

कारण आपल्याकडं खरा प्रश्न तिथंच आहे. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा युपीएस, त्यातनं प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास मिळतात आणि बॅटरी जुनी झाली की तेवढे पण नाहीत. ५८० वालं मशीन गेम चालू असताना मॉनिटर धरून सहज ३०० च्या पुढं जातं. लाईट गेली की युपीएस धरतच नाही, टक्कन बंद. जून-जुलैत खानापूर, जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, झाड पडलं, वायर तुटली, लाईट येते-जाते येते-जाते, प्रत्येक वेळी मशीन असं आपटून बंद पडलं की मार बसतो तो कार्डावरच्या पॉवरच्या भागाला आणि हार्ड डिस्कला. तेच १०५० टीआय किंवा ७५० टीआय असलं तर त्याच युपीएसवर फाईल सेव्ह करून मशीन शिस्तीत बंद करण्याएवढा वेळ मिळतो. माझ्या मते बेळगाव, खानापूर, चिकोडी ह्या भागात चार-पाच हजारात जुनं कार्ड घेणाऱ्या माणसानं ७५ वॅटच्या आतलंच घ्यावं. पळायला थोडं कमी, पण वर्षानुवर्षं टिकतं आणि बाकीच्या मशीनला पण त्रास देत नाही. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि आज पेपरातनं सगळ्यांना सांगायलोय.

एसएमपीएसचं तर काय सांगू. बाहेर ४५० वॅट, ५०० वॅट असं छापलेलं असतंय आणि हातात घेतलं तर खेळण्यासारखं हलकं. त्यात सहा पिनची वायर नसते मग दुकानदार एक कन्व्हर्टर देतो, हार्ड डिस्कच्या साटा वायरला जोडून सहा पिन करायची. हे कृपा करून कुणी करू नका. साटाच्या त्या प्लगमधे १२ व्होल्टच्या तीन पिना, एकेक दीड अँपियरची, म्हणजे सगळ्या मिळून ५४ वॅट, आणि कार्ड सहा पिनमधनं ७५ वॅटपर्यंत मागू शकतं. माझ्याकडं असा एक सेट आला होता, वास येतोय म्हणून आणलेला, उघडून बघितलं तर साटाचा काळा प्लग वितळून पिनांवर बसलेला, वायरचं पिवळं इन्शुलेशन तपकिरी होऊन दोन बोटं मागंपर्यंत कडक झालेलं, वाकवलं की तडकत होतं. कार्ड नशिबानं चांगलं होतं. घरात लहान मुलं झोपलेली असताना रात्रभर रेंडरला (व्हिडिओ-अ‍ॅनिमेशनचं शेवटचं चित्र तयार करायला) लावून ठेवायचं मशीन होतं ते.

ऑफिसमधनं निघालेले डेल, एचपीचे लहान ब्रँडेड सेट हल्ली भरपूर मिळतात आणि मला ते आवडतात पण, बोर्ड चांगले असतात, एसएमपीएस छापलंय तेवढं खरं देतो. पण ह्या लहान कॅबिनेटवाल्यांचा एसएमपीएस २४०-२५० वॅटचाच, त्याला सहा पिनची वायरच नाही आणि आत उंच कार्ड बसत पण नाही. त्यांना अर्ध्या उंचीचं, वायर न लागणारं कार्डच पाहिजे, १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५० मधे तशी मॉडेलं निघालेली आहेत. घ्यायच्या आधी पट्टीनं मोजून घ्या, परत करायला नंतर कोण घेत नाही. आणि नवीन सेटच बांधायचा असेल, बजेट कमी असेल, तर कार्डच घेऊ नका असं पण मी सांगतो, रायझेनचे ५६०० जी सारखे प्रोसेसर आहेत त्यात ग्राफिक आतच आहे आणि ते असल्या जीटी ७३० ला कुठल्या कुठं मागं सोडतं.

कामाप्रमाणं पण कार्ड बदलतं हे कुणी बघत नाही. लग्नसराईत आणि इकडं वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांचं शूटिंग झालं की व्हिडिओवाल्यांना रात्र-रात्र एक्स्पोर्ट लावायचं असतंय. त्यांना कार्डात व्हिडिओ एन्कोडर पाहिजे, म्हणजे व्हिडिओची फाईल झटपट बनवणारा चिपमधला भाग. जीटी १०३० मधे तो एन्कोडर नाहीच, कुणी कितीही सांगू दे. ७५० टीआय मधे आहे पण एच २६४ ह्या जुन्या व्हिडिओ फॉरमॅटपुरता. १०५० टीआय मधे एच २६५ ह्या नव्या फॉरमॅटचा पण आहे, म्हणून व्हिडिओवाल्याला मी डोळे झाकून १०५० टीआय किंवा त्याच्या पुढचं सांगतो. अ‍ॅनिमेशन शिकणारी पोरं ब्लेंडर वापरतात, त्यांनी आरएक्स ५७०, ५८० च्या नादी लागू नये, २०२१ च्या शेवटी आलेल्या ब्लेंडर ३.० पासनं ओपनसीएल (ज्यातनं ही कार्डं रेंडरला वापरता यायची ते) काढून टाकलं आणि सायकल्स, म्हणजे ब्लेंडरमधलं रेंडरचं इंजिन, ही कार्डं धरतच नाही, सगळं प्रोसेसरवर जातं. गेमला हेच कार्ड उत्तम आणि रेंडरला काही उपयोगाचं नाही, असं पण असतंय. उद्यमबागेत सॉलिडवर्क्स ह्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर पार्ट काढणाऱ्यांनी तर गेमिंगचं कार्ड बघूच नये, एनव्हिडियाचंच डिझाइनच्या कामासाठीचं जुनं क्वाड्रो बघावं, के ६२० असू दे नाहीतर पी १०००. के ६२० ४५ वॅट, पी १००० ४७ वॅट, करंट काही नाही, आणि सॉलिडवर्क्समधलं रिअलव्ह्यू (पार्ट खऱ्यासारखा दाखवणारी सोय) क्वाड्रोवर सरळ चालू होतं, साध्या जीफोर्सवर, म्हणजे गेमिंगच्या कार्डावर, होत नाही. पी १००० ला मिनी डिस्प्लेपोर्ट असतो, त्याचा कन्व्हर्टर कार्डाबरोबरच मागून घ्या.

मॉनिटरचं पण बघायला पाहिजे. डीटीपीवाल्यांकडं, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांकडं अजून जुने व्हीजीए मॉनिटर आहेत, चांगले चालतात, बदलायची गरज नाही. ७५० टीआय, ९६० ह्या कार्डांच्या डीव्हीआय पोर्टला साधा पन्नास-शंभर रुपयाचा कन्व्हर्टर लावला की व्हीजीए चालू. १०५० टीआयपासनं पुढं चिपमधनं व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, तिथं हा साधा कन्व्हर्टर चालत नाही, आतमधे चिप असलेला वेगळा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

आणि ह्याच गोष्टीवरनं बनावट कार्ड पण पकडता येतं. १०५० टीआय म्हणून कोणी कार्ड दाखवलं आणि त्याच्या पाठीमागं निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर तिथंच थांबा. असली कार्डं मी हातात घेतलेली आहेत. कूलर चकचकीत, स्टिकर नवा, खोकं छान, पण स्क्रू काढून कूलर उचलला की खाली चिपवर जुना नंबर, २०१० च्या जीटीएस ४५० ची नाहीतर २०११ च्या ५५० टीआयची चिप, कोर १९२, आणि बायोस, म्हणजे कार्डातलंच मूळ सॉफ्टवेअर, बदलून त्यात १०५० टीआय नाव घातलेलं. विंडोजमधे नाव बरोबर दिसतं, मेमरी ४ जीबी दिसते, घेणारा खूश. घरी जाऊन एनव्हिडियाच्या साईटवरनं नवा ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) घातला की कोड ४३ हा एरर येतो नाहीतर स्क्रीन काळी. विकणारा मग सांगतो ड्रायव्हर नका घालू, मी दिलाय तोच ठेवा. हे वाक्य ऐकलं की समजून जावा. जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, २०१८ पासनं ते अशा कार्डाच्या नावाच्या पुढं फेक असं स्वतःच दाखवतं. पेन ड्राइव्हवर घेऊन जावा, दुकानात चालवायला सांगा. चिपचं नाव, कोरची संख्या, मेमरीची जात, बिट, सगळं एका खिडकीत येतं. मघाचा ७३० चा घोळ पण ह्यातच उघडा पडतो. आपला दुकानदार चांगला असेल तर तो स्वतःच चालवून दाखवेल, आणि बेळगावात असे चांगले दुकानदार आहेत, हे पण लिहायला पाहिजे.

मायनिंगच्या, म्हणजे इथेरियमसारखं क्रिप्टो चलन मिळवायला रात्रंदिवस चालवलेल्या, कार्डाविषयी लोक फार विचारतात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि त्यानंतर जगभरची कार्डं जुन्या बाजारात आली, त्यातली इकडं पण पोचली. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. चिपला जास्त त्रास होतो तो गरम-गार, गरम-गार होण्यानं, त्यात सोल्डरचे बारीक ठिपके ताणले जाऊन तडकतात. मायनिंगमधे कार्ड चोवीस तास एका तापमानावर असतं, आणि बहुतेक लोक करंट वाचवायला पॉवर कमी करून चालवायचे. त्यामुळं चिप बऱ्याच वेळा ठीक निघते. जातो तो फॅन, कारण तो पण चोवीस तास फिरलेला, आणि मेमरीची गरमी कूलरकडं नेणारे पॅड सुकून कडक होतात नाहीतर त्यातनं तेल सुटतं. म्हणून असं कार्ड घेताना फॅन बोटानं हलवून बघा, खेळ आहे का, आवाज घासल्यासारखा येतो का. आरएक्स ५७०, ५८० असेल तर बायोस बदललेला आहे का हे विचारा, मायनिंगसाठी मेमरीचं टायमिंग बदलून घालतात आणि मग एएमडीचा साधा ड्रायव्हर तो बायोस धरत नाही. मूळ बायोस परत घालता येतो, काम अर्ध्या तासाचं आहे पण ते विकणाऱ्यानं करून द्यायला पाहिजे. पी १०६ नावाचं कार्ड १०६० च्या चिपचं म्हणून स्वस्तात मिळालं तर पाठीमागं बघा, मॉनिटरचा पोर्टच नसतो त्याला, ते फक्त मायनिंगसाठी बनवलेलं.

हीट मारून दिलेलं कार्ड मात्र कुणी घेऊ नका, फुकट दिलं तरी. स्क्रीनवर रेघा, ठिपके येणारं कार्ड हॉट एअर मशीननं तापवतात आणि ते चालू होतं पण, आठवडा, पंधरा दिवस, कधी दोन महिने. तेवढ्यात विकून मोकळे. बिघाड बहुतेक वेळा असतो तो चिपच्या आतल्या बारीक जोडात, खालच्या मोठ्या सोल्डरच्या गोळ्यात नाही, त्यामुळं वरनं तापवून तो जोड तात्पुरता टेकतो एवढंच. हा दोष केवढा मोठा होऊ शकतो ते २००८ ला दिसलं, लॅपटॉपमधल्या जीफोर्स ८४०० एम, ८६०० एम सारख्या चिपा मोठ्या प्रमाणावर मरायला लागल्या आणि एनव्हिडियाला त्यासाठी १९६ मिलियन डॉलर बाजूला काढावे लागले. त्या काळातले लॅपटॉप अजून कुणी विकायला काढलेत, ते तर नकोच नको.

टिकण्याच्या बाबतीत माझ्या टेबलावरचा अनुभव असा की कमी वॅटची, सिंगल नाहीतर डबल फॅनची साधी कार्डं सगळ्यात कमी येतात. ७५० टीआय बिघडून आलं तर बहुतेक फॅन जाम, दीडशे-दोनशेत बदलून होतं. मोठ्या कार्डात पॉवरचे मॉस्फेट (चिपला करंट पुरवणारे बारीक पार्ट) उडतात, ते बदलायला मूळ पार्ट इकडं मिळत नाही, बेंगळूरहून एस. पी. रोडवरनं मागवायचा, चार दिवस जातात आणि खर्च निम्म्या कार्डाएवढा. एएमडीचं २०१३ चं आर ९ २९० तर कंपनीनंच ९५ डिग्रीपर्यंत तापायला ठरवून काढलेलं, कागदावर आजपण ते १०५० टीआयच्या पुढं आहे, पण आपल्या एप्रिल-मे मधे बंद खोलीत ते चालवायचं म्हणजे कार्डावर अन्याय आहे.

पावसाळ्यात दमट हवेनं स्लॉटमधे बसणाऱ्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि डिस्प्ले येत नाही, ह्यात कार्ड गेलं असं समजून लोक नवीन घेतात. आधी कार्ड काढून त्या पट्ट्या आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि सुती कापडानं पुसा, निम्मी कार्डं तिथंच चालू होतात. देवघराच्या खोलीत कॉम्प्युटर असेल तर उदबत्तीचा चिकट धूर आणि धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यात नमद्यासारखा थर बसतो, फुंकून निघत नाही, कूलर काढून ब्रशनं काढावा लागतो, आणि कूलर काढलाच तर चिप आणि कूलरमधली पेस्ट नवीन घाला, जुनी वाळून खडू झालेली असते.

ड्रायव्हरचं पण लक्षात ठेवा, कार्ड चांगलं असून पण कंपनीनं हात काढून घेतला की नवीन गेम, नवीन सॉफ्टवेअर कुरकुर करायला लागतं. केपलरवाल्यांचे, म्हणजे जीटी ७१०, जीटी ७३०, जीटीएक्स ६५०, ७६० वगैरेंचे गेमचे ड्रायव्हर २०२१ ला बंद झाले आणि सिक्युरिटीचे पण २०२४ ला संपले. ७५० टीआयपासनं १०८० पर्यंतच्या कार्डांना गेमचे नवीन ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत दिले, आता पुढं फक्त सिक्युरिटीचे, ते ऑक्टोबर २०२८ पर्यंत देणार असं कंपनीनं सांगितलंय. विंडोज १० चा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे आज केपलरचं कार्ड पैसे देऊन घेण्यात अर्थ नाही, घरात असलं तर वापरा. १०५० टीआय अजून दोन-तीन वर्षं निर्धास्त चालेल. ज्यांना थोडं जास्त घालायला जमतं त्यांनी २०१९ चं १६५० बघावं, ७५ वॅटमधे ८९६ कोर, बऱ्याच मॉडेलला वायर नाही आणि ड्रायव्हर अजून चालू. आरएक्स ६५०० एक्सटी नवीन दिसतंय म्हणून जुन्या बोर्डावर घालू नका, त्याला बोर्डाशी डेटा न्यायला-आणायला फक्त चार लेन (वाटा) आहेत, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय स्लॉटवर ते अडखळतं आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर पण नाही.

आता मागणी. संपादक साहेब, छोट्या जाहिरातींत कार्डाचं पूर्ण नाव लिहायला जाहिरातदारांना आपल्या काउंटरवरच सांगता आलं तर बघा, "जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी जीडीडीआर ५" एवढे शब्द लिहायला एकच ओळ जास्त लागते. आणि खडेबाजार, गणपत गल्ली, रामदेव गल्ली, टिळकवाडी, सगळीकडच्या दुकानदार मंडळींना माझी हात जोडून विनंती, जुनं कार्ड विकताना बिलावर पूर्ण नाव, मेमरीची जात आणि कार्डाचा सिरीयल नंबर लिहा, आणि निदान पंधरा दिवस परत घेण्याची मुदत द्या. सिरीयल नंबर लिहिला की तुमचं पण रक्षण होतं, गिऱ्हाईक दुसरंच कार्ड आणून तुमच्या गळ्यात घालू शकत नाही. बिल मराठीत द्या, कन्नडमधे द्या, इंग्रजीत द्या, पण द्या. आणि दुकानात युनिजिन हेवन, म्हणजे कार्डावर पूर्ण ताण देऊन बघायचं सॉफ्टवेअर, वीस मिनिटं चालवून दाखवायची सवय लावा, टेंपरेचर ८० च्या आसपास येऊन थांबलं आणि स्क्रीनवर ठिपके-रेघा आल्या नाहीत तर कार्ड चांगलं, ९० च्या वर चढतच गेलं तर आधी पेस्ट बदलून मग विका. घेणाऱ्यांनी पण वीस मिनिटं थांबायची तयारी ठेवावी, घाई आहे, पॅक करून द्या असं म्हणू नये.

आपला वाचक,
एक कॉम्प्युटर रिपेरीवाला,
शहापूर, बेळगाव